मदत हवी आहे : कार्परच्या ज्ञानपद्धतींवरील माझे लेखन परत आले आहे

वॉर्डातून_वर्गात : नमस्कार. माझे लेखन मार्गदर्शक मॅडमनी दुसऱ्यांदा परत दिले आहे आणि समासात 'कप्पे केले आहेत, पुन्हा लिहा' एवढाच शेरा आहे. परिचारिकेला रुग्णाविषयी कोणकोणत्या मार्गांनी कळते, याच्या कार्पर यांनी सांगितलेल्या चारही पद्धती मी उदाहरणांसह मांडल्या आहेत. इतरांनी नंतर जोडलेली पाचवी घेतली नाही म्हणून असे झाले असेल का? गुरुवारी सादर करायचे आहे आणि मध्ये दोन रात्रपाळ्या आहेत. कोल्हापुरात कोणी हा विषय केला असल्यास कृपया लवकर सांगावे.

राजारामपुरीकर : आपण पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला आहात की एम.एस्सी.ला, आणि उदाहरणे कोणती घेतली आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. लेखन न पाहता शेऱ्याचा अर्थ कसा लावावा?

जुनी_सिस्टर : आम्ही जीएनएम (परिचर्येची पदविका) केले तेव्हा असले सिद्धान्त कोणी शिकवले नाहीत, तरी रुग्ण बिघडणार हे आम्हाला मॉनिटरच्या आधी समजत असे. त्या समजण्याविषयी लिहा, मॅडमना आवडेल.

परिचर्या_अभ्यासक : सुरुवात परिचर्येच्या सिद्धान्तकार फॉसेट यांच्यापासून करावी. व्यक्ती, पर्यावरण, आरोग्य आणि परिचर्या या चार मूळ संकल्पना त्यांनी 1984 मध्ये एकत्र मांडल्या, आणि त्यांतील पर्यावरणाचे मूळ नाइटिंगेल यांच्या स्वच्छ हवा, प्रकाश व शांतता यांवरील आग्रहापर्यंत जाते.

वॉर्डातून_वर्गात : सर, फॉसेट यांच्याविषयी मी विचारलेच नव्हते, ते चार वेगळे आणि हे चार वेगळे. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एम्पिरिक्ससाठी (शास्त्रीय, मोजता येणारे ज्ञान) ब्रेडन स्केल (शय्याव्रणाचा धोका मोजणारी पट्टी) वापरून शय्याव्रण टाळल्याचे उदाहरण घेतले, एथिक्ससाठी (नीती) संमतिपत्राचे, पर्सनल नोइंगसाठी (स्वतःविषयीची जाणीव) मी पाहिलेल्या पहिल्या मृत्यूचे, आणि एस्थेटिक्ससाठी (समोरचा रुग्ण नेमका उमगणे) शिरोळ तालुक्यातील एका शेतकरी आजोबांचे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ते वेदना विचारली की दहापैकी दोन सांगत, पण कूस बदलताना पलंगाची दांडी घट्ट धरत. सूनबाई चहा आणायला गेल्या तेव्हा मी पुन्हा विचारले, तर म्हणाले, 'इंजेक्शनाचं बिल लागंल, अजून उसाचं बिल जमा झालं नाही.'

राजारामपुरीकर : रुग्णाचा तालुका कृपया संपादित करून काढावा. उदाहरण उत्तम आहे, पण ओळख पटेल असे काही लेखनातही ठेवू नये.

तासिका_घेणारी : मी हा विषय शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपण चार पद्धतींसाठी चार वेगळे रुग्ण घेतले आहेत आणि माझ्या मते शेऱ्याचा रोख तिथेच आहे. बार्बरा कार्पर यांनी 1978 च्या लेखात या पद्धती वेगळ्या केल्या त्या समजून घेण्यासाठी. त्यांपैकी कोणतीही एकटी पुरेशी नाही आणि त्या एकमेकींना वगळत नाहीत, हे त्यांनी त्याच लेखात स्पष्ट केले आहे. आजोबांचा प्रसंग एकटाच ठेवा आणि चारही बाजूंनी पाहा. वेदनेचा अंक, नाडीचा वेग आणि शस्त्रक्रियेनंतर कोणत्या दिवशी किती वेदना अपेक्षित असते, हे एम्पिरिक्स झाले. दांडीवरची पकड पाहून 'या माणसाचे दोन हे दोन नाहीत' असे उमगणे म्हणजे एस्थेटिक्स. तत्त्वज्ञ जॉन डुई यांचा आधार घेऊन कार्पर नुसते ओळखणे आणि खरोखर पाहणे यांत फरक करतात, तो इथे नेमका लागू पडतो. वेदना कुटुंबापासून लपवण्याची त्यांची इच्छा आपण कुठवर पाळायची, हा नीतीचा भाग.

जुनी_सिस्टर : म्हणजे मी जे समजणे म्हणत होते तेच की.

तासिका_घेणारी : अगदी तेच नाही, ताई. आपण म्हणता ती अनुभवातून येणारी अंतःप्रेरणा परिचर्येच्या संशोधक बेनर यांनी 1984 मध्ये नवशिक्या ते तज्ज्ञ या पायऱ्यांतून मांडली. ती अनेक रुग्ण पाहून येते. कार्परचे एस्थेटिक्स या एका रुग्णाच्या वेगळेपणाकडे पाहते. मागचे पन्नास रुग्ण दोन म्हणाले आणि खरोखर दोनच होते, ही सवय इथे उलट आड येऊ शकते.

जुनी_सिस्टर : पन्नास पाहिल्याशिवाय एकावन्नावा वेगळा आहे हे कोणाला दिसते, हेही एकदा वर्गात सांगावे.

परिचर्या_अभ्यासक : पाचवी पद्धत मात्र घालायलाच हवी. व्हाइट यांनी 1995 मध्ये सामाजिक-राजकीय ज्ञानाची भर घातली आणि चिन व क्रेमर यांनी 2008 मध्ये मुक्तिदायी ज्ञान (अन्यायकारक परिस्थिती ओळखून ती बदलण्याचे ज्ञान) मांडले. त्याशिवाय लेखन जुने वाटेल.

तासिका_घेणारी : केवळ नवे दिसावे म्हणून पाचवा कप्पा जोडला तर तोच शेरा तिसऱ्यांदा येईल. तथापि या प्रसंगात ती पद्धत आधीपासूनच हजर आहे, हे मान्य करते. उसाचे बिल थकल्यामुळे माणूस वेदनेचा अंक कमी सांगतो, तेव्हा मोजपट्टीवरचा अंक पैशाने बदललेला असतो, आणि हे चौघींपैकी एकीतही पुरते बसत नाही.

वॉर्डातून_वर्गात : लेखनातून तालुका काढला आहे, इथलाही काढते. पर्सनल नोइंगमध्ये काय लिहावे? मी आजोबांशी सहानुभूतीने वागले, असे आधी लिहिले होते.

तासिका_घेणारी : समानुभूती, म्हणजे दुसऱ्याची भावना आतून समजणे, कार्पर एस्थेटिक्समध्येच घेतात. पर्सनल नोइंगमध्ये त्या क्षणी आपण स्वतः कशा होतात, ते लिहा. पहिल्यांदा 'दोन' ऐकून आपण पुढच्या पलंगाकडे गेलात का?

वॉर्डातून_वर्गात : हो, गेले होते. अकरा रुग्ण होते आणि दोन ऐकून मला बरेच वाटले होते, कारण एक काम कमी झाले. हे लिहावे की नाही?

तासिका_घेणारी : त्याच वाक्याने तो परिच्छेद सुरू करा.