पेंटासीन ट्रान्झिस्टर: जाताना-येतानाचे वक्र जुळत नाहीत

प्रश्न: ३०० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइडवर पेंटासीन (सेंद्रिय अर्धवाहक), वरून सोन्याचे सोर्स-ड्रेन (करंट आत-बाहेर नेणारी टोकं). गेटचं (करंट नियंत्रित करणाऱ्या टोकाचं) व्होल्टेज +२० वरून −६० व्होल्टला नेऊन परत आणलं की येताना करंट कमी मिळतो, थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्याचं व्होल्टेज) ८-१० व्होल्ट सरकतो. करंटच्या वर्गमुळाचा आलेखही मध्येच वाकतो. मोबिलिटी (चार्ज किती सहज सरकतो त्याचं माप) कुठल्या उतारावरून काढायची? मोजमाप उघड्या हवेतलं आहे.

उत्तर १: आधी हवा टाळा. ऑक्साइडवरचे हायड्रॉक्सिल गट आणि तिथे चिकटलेलं पाणी चार्ज अडकवतं, म्हणून येतानाचा करंट पडतो. पेंटासीनआधी यूव्ही-ओझोनने पृष्ठभाग साफ करा आणि मग ओटीएसचा (पाणी झटकणाऱ्या सिलेनचा) थर द्या. त्यावर पाण्याच्या थेंबाचा कोन १०० अंशांच्या आसपास यायला हवा. ६०-७० आला तर थर अर्धवट बसलाय, पुढे जाऊच नका. मोजमाप व्हॅक्यूममध्ये, अंधारात.

उत्तर २: आलेख वाकण्यामागे बहुधा काँटॅक्ट (सोनं आणि पेंटासीनचा सांधा) आहे. गेट वाढवताना काँटॅक्ट रेझिस्टन्स झपाट्याने उतरतो, तेवढ्या पट्ट्यात उतार फुगतो. तोच धरून कैक पट मोबिलिटी छापणारे कमी नाहीत! जास्त गेट व्होल्टेजकडचा सपाट उतार घ्या. त्याचा वर्ग गुणिले चॅनेलच्या (सोर्स-ड्रेनमधल्या पट्ट्याच्या) लांबीची दुप्पट, भागिले रुंदी आणि कपॅसिटन्सचा गुणाकार. तुमच्या ऑक्साइडचा कपॅसिटन्स ११.५ नॅनोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर.

प्रश्नकर्ता: आउटपुट वक्र (ड्रेन व्होल्टेजविरुद्ध करंट) शून्याजवळ एस आकाराचा दिसतो.

उत्तर २: मग काँटॅक्टच. सोन्याखाली मॉलिब्डेनम ऑक्साइडचा पातळ थर देऊन बघा.

उत्तर ३: पेंटासीन चॅनेलबाहेर पसरलंय का? कडेचा करंट रुंदीच्या हिशोबात येत नाही, गेटची गळतीही वाढते. प्रोबच्या सुईने भोवती खरवडून वेगळं करा.