चोर बीटी लावू का नको? चार एकरांचा हिशेब मांडलाय

वावरवाला (चोपडा तालुका), मे २०२५

राम राम मंडळी. चार एकर काळं वावर, ठिबक आहे, दरवर्षी कापूसच असतो. वखरणी झाली, नळ्या अंथरायच्या बाकी आहेत. काल संध्याकाळी एक ओळखीचा माणूस मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतून बियाण्याचं पाकीट काढून दाखवून गेला. ना कंपनीचं नाव, ना लॉट नंबर, ना टॅग. "तणनाशकवालं आहे, तेराशेला एक. परवापर्यंत सांगा." म्हणजे आपलं चोर बीटी: वरून तणनाशक मारलं तरी न मरणारं, पण सरकारी परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं.

आधी हिशेब ऐका, शिव्या नंतर घाला.

यंदा (२०२५) बीजी-२ ची, म्हणजे परवानगी असलेल्या साध्या बीटी कापसाची, थैली ९०१ रुपयांना आहे. एकरी दोन लागतात. माझ्याकडे निंदणीला सात बाया येतात, २५० रुपये रोज. एका दिवसात एकर निघतो. तीन निंदण्या धरल्या तर एकरी ५,२५०. चोर बीटी लावलं तर वरून ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचं, दोन फवारण्या, मजुरीसकट एकरी दोन हजार. बियाण्याचे आठशे जास्त जातात ते वजा करूनही एकरी साधारण २,४५० वाचतात. चार एकरांचे ९,८००. मागच्या हंगामात (२०२४-२५) लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता आणि मी खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, ६,९०० ने कापूस मोजून दिला, कारण सोसायटीचं देणं होतं. त्यामुळे ९,८०० हा आकडा मला लहान वाटत नाही.

आता जे कागदावर मांडता येत नाही ते.

निंदणीच्या बायांची मुकादम मावशी आमच्याकडे पंधरा वर्षांपासून येते. निंदताना तिचा हात बघण्यासारखा असतो. विळ्याचं टोक घालून केना उपटते, मुळाची माती झटकते आणि बाजूला ठेवते, बकरीसाठी. लव्हाळा वेगळा. तांदुळजा किंवा चिवळ दिसली की ओच्यात. संध्याकाळी रोजाचे पैसे हातात आणि गवताचा भारा डोक्यावर. म्हणजे रोज २५० चा नाहीच, वर भाजी आणि चारा असतो. ग्लायफोसेट मारलं की हे सगळं आठ-दहा दिवसांत पिवळं. बाई येणार नाही आणि बकरीला खायलाही काही उरणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी कबूल करायला लाज वाटते. २००६ ला बीजी-२ आलं तेव्हा आम्हाला वाटलं अळीचा प्रश्न कायमचा मिटला. तेव्हा थैलीसोबत १२० ग्रॅमचं नॉन बीटीचं वेगळं पाकीट यायचं, वावराच्या कडेने लावायला, म्हणजे अळी बीटीला सरावत नाही. मी ते एकदाही लावलं नाही. गोठ्याच्या पत्र्याखाली खोचलेली पाच-सहा पाकिटं अजून सापडतात. वर पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत फरदड ठेवायचो, म्हणजे हंगाम संपला तरी कापूस उपटायचा नाही. २०१७ ला बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी आणि हाताला सगळी कवडी, म्हणजे किडका डागी कापूस. तेव्हा चावडीवर बसून कंपनीला शिव्या घातल्या, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. पाकिटांचं कोणाला सांगितलं नाही. इथेच पहिल्यांदा सांगतोय.

म्हणून विचारतो. ज्यांनी लावलंय त्यांनी खरं सांगा. फायद्याचं सांगणारे गावात भरपूर आहेत.

कोरडवाहू_अमळनेर

दोन वर्षं लावलं. पहिल्या वर्षी वावर आरशासारखं. दुसऱ्या वर्षी त्याच माणसाकडून सहा पाकिटं घेतली, निम्मी उगवली. जी उगवली त्यातली अर्धी फवारणीनंतर जळाली, म्हणजे भेसळ होती. फोन लावला तर बंद. तक्रार कुठे करणार? तालुक्याच्या तक्रार समितीकडे गेलं की पहिला प्रश्न पावती कुठे, टॅग कुठे. बिल असतं तर निदान पंचनामा झाला असता. मी तर स्वतःच गुन्हेगार, तोंड दाबून दुबार पेरणी केली. तुमच्या ९,८०० मध्ये हे धरा.

गिरणाकाठ

'चोर' म्हणणं आधी बंद करा राव. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी हेच बियाणं दिवसाढवळ्या, सांगून-सवरून लावलं होतं. परवानगीसाठी अर्ज करणाऱ्या कंपनीनेच २०१६ मध्ये तो मागे घेतला. सरकार धड हो म्हणत नाही, आणि ज्याची तपासणी पूर्ण झाली नाही ते बियाणं बाजारातून काढतही नाही. मधल्या मध्ये आपण रात्री पिशव्या घ्यायच्या. तिकडे चीनमध्ये यंत्राने वेचणी चालते, आपल्याकडे निंदणीला बाई मिळाली तर दिवाळी.

बायांचं म्हणाल, तर आमच्या गावातल्या निम्म्या सुरतेकडे गेल्या. तुमच्याकडे सात येतात हे नशीब. सगळीकडे तसं नाही.

एक मात्र कबूल. मागच्या साली शेजाऱ्याने वाऱ्यात ग्लायफोसेट मारलं आणि माझ्या मुगाच्या सहा ओळी वाळल्या. भांडायला गेलो तर म्हणे, मी काय मारलं याचा पुरावा दाखव. तंत्रज्ञानाच्या बाजूचा मी, पण त्या दिवशी त्याच्या पंपावर दगड घालावासा वाटला.

शहाद्याची ताई

दादा, मी कृषी पदवी केली आणि आता वडिलांसोबत शेती बघते, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

ग्लायफोसेटच्या लेबलवर कापूस नाहीच. चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा, एवढंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच (फवारणीचा परवाना असलेल्यानेच) वापरायचं असा आदेश काढला. आमच्या गावात असा ऑपरेटर मी तरी पाहिला नाही, पाठीवर पंप घेतलेला माणूस रोज दिसतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे औषध 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. त्यावर वाद आहेत, पण फवारणारा मालक नसतो, सालदार असतो, आणि तो तोंडाला रुमालही बांधत नाही.

साध्या बीजी-२ मध्येही तणनाशक चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. लागवड झाल्यावर उगवण्याआधी, ओल असताना पेंडीमिथॅलिन. नंतर तण दोन-चार पानांवर असताना पायरिथायोबॅक सोडियम आणि क्विझालोफॉपचं मिश्रण. केना पूर्ण जात नाही, लव्हाळ्याचा तर भरवसाच नको. पण निदान एक निंदणी वाचते. ठिबक आहे तर नळीच्या ओळीत हाताने निंदा आणि दोन ओळींच्या मध्ये बैलाचं कोळपं चालवा.

आणि पाकिटांबद्दल मन खाऊ देऊ नका. आता नॉन बीटी बी थैलीतच मिसळून येतं, ४७५ ग्रॅमच्या थैलीत साधारण २५ ग्रॅम. आपल्यावर भरवसा उरला नाही म्हणूनच तसं केलं असावं, असं मला वाटतं. पण फरदड मात्र ठेवू नका, ते आपल्याच हातात आहे.

वावरवाला

सगळ्यांचे आभार. अमळनेरवाल्या भाऊंचा फटका बरोबर लागला. पिशवीवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, तुमच्या शेजाऱ्याने आठ घेतली. म्हणजे वाऱ्याच्या दिवशी बांधावर मलाच उभं राहावं लागणार.

कृषी केंद्रातून आठ थैल्या घेतल्या, पक्क्या बिलावर. टॅग जपून ठेवायला बायकोकडे दिलेत, माझ्याकडे राहत नाहीत. पेंडीमिथॅलिनही आणलं.

काल मावशीकडे गेलो. यंदा २७५ रोज आणि रिक्षाचं भाडं वेगळं मागितलं, मी हो म्हटलं. मग सांगितलं की यंदा औषध मारतोय, दोनच निंदण्या निघतील. मला वाटलं चोर बीटीचं टाळलं हे ऐकून तिला बरं वाटेल. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली आणि म्हणाली, "मंग तिसरी निंदनी कोठे गयी, भाऊ?"

चार दिवसांचं काम, सात बायांचं. मी म्हटलं, वेचणीला पहिला निरोप तुम्हालाच. "आधी वेचनीना भाव सांग," म्हणे. मागच्या वर्षी दहा रुपये किलोने दिला होता. बारा मागतेय. अकराला आणायचा प्रयत्न करतोय, अजून तुटलेलं नाही.