पाचवी शिष्यवृत्ती परीक्षा, फेब्रुवारी 2025: शाळा नोंदणीचा ओटीपी निवृत्त सरांच्या मोबाइलवर जातोय

दोनशिक्षकी_शाळा

नमस्कार. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते पाचवी. पट 41, शिक्षक दोन. मोठे सर जूनमध्ये निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला. चार्ज म्हणजे कपाटाच्या दोन किल्ल्या, एक शिक्का आणि हजेरीवहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले सात-आठ पासवर्ड. कुठला पासवर्ड कशाचा, ते ज्याचं त्याने ओळखायचं.

राज्य परीक्षा परिषदेची पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा यंदा 9 फेब्रुवारी 2025ला आहे. आतापर्यंत फॉर्म सर भरायचे आणि मी फक्त सराव घ्यायचे, त्यामुळे नोंदणीतलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. काल गावातल्या मारुतीच्या ओट्यावर (रेंज तिथेच येते) मोबाइल घेऊन बसले. पहिली फजिती यूडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी क्रमांकाची. आमचा नंबर 2727ने सुरू होतो. मला वाटलं सरांच्या हातून 27 चुकून दोनदा लिहिलं गेलं, म्हणून एक 27 काढून टाकला. पाऊण तास 'क्रमांक चुकीचा आहे' असंच येत होतं. शेवटी लक्षात आलं की एक 27 महाराष्ट्राचा आणि दुसरा बीडचा!

आता नंबर घेतोय, पासवर्ड घेत नाही. बदलायला गेलं की ओटीपी मोठ्या सरांच्या मोबाइलवर जातो. यावर काय करायचं?

आणखी दोन गोष्टी. आमचं परीक्षा केंद्र दरवर्षी 17 किलोमीटरवर येतं. नोंदणी करताना 'आमच्याच शाळेत परीक्षा घेऊ' असं कुठे भरता येतं का? वर्गखोल्या दोनच आहेत, पण परीक्षेला बसणारी लेकरंही नऊच आहेत. आणि त्या नऊपैकी चौघांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर गेले. दोघं आजीजवळ आहेत, दोघं टोळीबरोबर गेलीत. त्या दोघांचे फॉर्म भरावेत का? त्यातली एक माझ्या वर्गातली गणितात सगळ्यांत हुशार मुलगी आहे.

लिपिक_आहे_मी

मॅडम, सरांना फोन लावा आणि ओटीपी विचारा. निवृत्त माणसाला सध्या दुसरं काय काम? आत गेल्यावर पहिल्यांदा मोबाइल नंबर बदला. बाकी सगळं नंतर.

दोनशिक्षकी_शाळा

लावला होता. सर पुण्याला मुलाकडे असतात. दुपारी फोन उचलतात, पण वाचायचा चष्मा वरच्या मजल्यावर असतो. चष्मा येईपर्यंत ओटीपीची वेळ संपते. तीनदा झालं असं. चौथ्यांदा सरच म्हणाले, "तू नवीन मागव, तोवर मी चष्मा घालून बसतो," तर इकडे माझी रेंज गेली.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाई, चष्मा घालून बसलेत ना, मग आज पुन्हा लावा. तेवढ्यावर भागेल. नाहीच जमलं तर शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहा: यूडायस क्रमांक, जुने मुख्याध्यापक निवृत्त झाल्याची तारीख, तुमच्या चार्जच्या आदेशाची झेरॉक्स, नवा मोबाइल नंबर, सही-शिक्का. ते घेऊन गटशिक्षणाधिकारी कार्यालयात शिष्यवृत्तीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्या समोर जाऊन बसा. माझ्या काळात हे असंच सुटायचं. फोनवर सुटायचं नाही, समोर बसलं की सुटायचं.

आता केंद्राचं. इथे सगळ्यांचाच घोळ होतो म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही जी नोंदणी करताय ती लेकरं बसवण्याची आहे, परीक्षा घेण्याची नाही. शाळेचं लॉगिन, शाळेची माहिती, मग एकेका विद्यार्थ्याचं आवेदनपत्र, मग शुल्क, एवढंच तुमच्या हातात. केंद्र कुठे द्यायचं ते शिक्षण विभाग ठरवतो. त्यासाठी आजूबाजूच्या शाळांची मिळून संख्या बघतात. बाकं, वीज, संडास, कुंपण आणि रस्ता बघतात. मी सहा वर्षं केंद्रसंचालक होतो. सकाळी तालुक्याहून प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं ताब्यात घ्यायची, जीपमध्ये मांडीवर ठेवून आणायची, कुलपात टाकायची, वेळ झाली की पर्यवेक्षकांच्या सह्या घेऊन त्यांच्यासमोर फोडायची. एकदा घाटात आमच्या जीपचं चाक पंक्चर झालं. पाकिटं कवटाळून मी खाली उभा आणि शिपाई जॅक लावतोय! त्या दिवसापासून कुणी 'आमच्या वाडीवर केंद्र द्या' म्हटलं की मला ते चाक दिसतं. तुमच्या नऊ लेकरांनी 17 किलोमीटर जाणं त्रासाचं आहे, मान्य. पण नऊ लेकरांसाठी पाकिटं तुमच्या डोंगरावर यायची नाहीत. सरपंचाला आत्तापासून जीपचं सांगून ठेवा. फेब्रुवारीत लग्नसराई असते, आयत्या वेळी जीप मिळत नाही. पेपर दोन, दीड-दीड तासांचे. मधल्या सुट्टीत खायला काहीतरी बरोबर हवं.

शाळेच्या माहितीत एक रकाना फार जपून भरा: ग्रामीण की शहरी. गुणवत्ता यादी दोन्हींची वेगळी लागते. माझ्या बीटातल्या (देखरेखीखालच्या) एका शाळेने घाईत शहरी टिकलं. गाव नगरपंचायतीला खेटून होतं, भरणाऱ्याला वाटलं तेच बरोबर. पोरगी ग्रामीण यादीत सहज आली असती, ती शहरी यादीत मागे पडली. तिच्या वडिलांना ते समजावून सांगायला मीच गेलो होतो. चहा प्यालो नाही त्या घरी.

उसतोडीच्या लेकरांचं म्हणाल तर फॉर्म भरा. प्रवेशपत्रावर जे केंद्र येईल तिथेच बसावं लागतं. कारखान्याच्या गावी बसता येईल या आशेवर राहू नका. पण फॉर्मच नसेल तर फेब्रुवारीत लेकरू आलं तरी बाहेर उभं राहील. फॉर्म असला तर निदान आणायचा प्रयत्न तरी करता येतो. तुमच्याकडे अशा लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह चालू आहे का? असेल तर टोळीच्या मुकादमाशी बोलून त्या मुलीला परत आणता येतं का बघा. आईबापाला सांगण्यापेक्षा मुकादमाला सांगितलेलं लवकर पोचतं. वाईट आहे, पण तसंच आहे.

लिपिक_आहे_मी

केंद्रप्रमुख साहेबांनी मोठं सांगितलं, मी बारीकसारीक सांगतो. मी अनुदानित शाळेत आहे, दरवर्षी पाचवी-आठवीचे मिळून शंभराच्या वर फॉर्म माझ्याच हातून जातात.

नावं जनरल रजिस्टर उघडून, एकेक अक्षर बघून भरा. लेकरांना विचारून भरू नका. लेकरू घरचं नाव सांगतं. आधारवर वेगळं, रजिस्टरला वेगळं असेल तर आत्ताच त्याच्या मागे लागा, कारण उद्या शिष्यवृत्ती मिळाली की पैसे बँक खात्यावर जायचे असतात आणि तेव्हा 'सोनाली' की 'सोनल' यावर सहा महिने जातात.

माध्यम. तुमचे वर्ग सेमी (गणित इंग्रजीतून) असतील तर सेमीच भरा. आमच्याकडे एका वर्षी एका मुलाचं नुसतं मराठी पडलं, चूक माझी. पोराला गणित इंग्रजीतून शिकवलेलं. त्याने भर परीक्षेत पर्यवेक्षकाला विचारलं, "सर, छेद म्हणजे काय?" त्याला डिनॉमिनेटर पक्का येत होता. पर्यवेक्षक सांगू शकत नव्हते.

प्रवर्ग नीट भरा. मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शुल्क कमी आहे, प्रवर्ग चुकला तर उगाच जास्त जातं. शाळेचं नोंदणी शुल्क यंदा 200 रुपये वेगळं, ते वर्षातून एकदाच. काही ठिकाणी मुलांचं शुल्क जिल्हा परिषद सेसमधून (स्वतःच्या कराच्या पैशातून) भरते, कुठे ग्रामपंचायत भरते. दोन्ही नसेल तर कोण भरतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि शुल्क भरल्याशिवाय फॉर्म भरला असं समजू नका. नुसती माहिती सेव्ह झाली म्हणजे आवेदन गेलं नाही. पैसे कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एक दिवस थांबा, पुन्हा लॉगिन करून स्थिती बघा. मी घाबरून एकदा दोनदा भरले होते. परत मिळवायला जेवढी पत्रं लिहिली तेवढ्यात दोन दाखले लिहून झाले असते. म्हणून नियमित मुदतीतच उरका. नंतर विलंब, मग अतिविलंब, अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला शुल्क चढतं.

आठवीवाला_मास्तर

माझीही एक भर. नोंदणीत टाकलेला मोबाइल नंबर मार्चनंतर फेकून देऊ नका. प्रवेशपत्रं शाळेच्या लॉगिनमध्येच येतात, पुढे निकाल आणि गुणपडताळणीचा अर्जही तिथूनच. आमच्या आधीच्या लिपिकाने स्वतःचं सिम घातलं होतं आणि बदली होऊन गेला. सध्या मी पण तुमच्याच बोटीत आहे, फक्त माझ्याकडे चष्मेवाले सर नाहीत.

दोनशिक्षकी_शाळा

सगळ्यांचे आभार. काल रात्री साडेआठला सर चष्मा लावून, सूनबाईंना शेजारी बसवून तयार होते. पहिल्याच ओटीपीत उघडलं. नंबर बदलला, पासवर्ड वहीत शाईने लिहिला आणि समोर 'शिष्यवृत्ती' असंही लिहिलं.

ग्रामीण टिकलंय, दोनदा बघितलं. आमचे वर्ग मराठीच आहेत. रजिस्टर आणि आधार मिळून तीन नावांत फरक निघाला, त्यातलं एक तर माझ्याच अक्षरात चुकलेलं. नऊही फॉर्म भरलेत, शुल्क गेलंय, पावतीची प्रिंट आठवड्याच्या बाजारी काढून आणीन. शुल्क कोणी भरलं ते लिपिक दादांनी ओळखलंय.

मुकादमाला फोन केला होता. तो म्हणाला, जानेवारीच्या शेवटी गाडी गावाकडे येणार आहे, पोरीला तिच्यात बसवून देतो, पण ठेवायचं कुठे ते तुम्ही बघा. वसतिगृह यंदा आमच्याकडे नाही. म्हणून दुसऱ्या मुलीच्या आजीकडे गेले. आजी म्हणाली, एकीची भाकर करते तिथं दोघींची करीन. मग विचारलं, परीक्षेदिवशी शाळेत खिचडी असते का. म्हटलं, आजी, रविवार आहे. "मग डबा देते," म्हणाली, "दोघींचा एकात चालंल का?"