क्लॅरिफायरमध्ये गाळाची ढेकळं तरंगतायत, सिलिंडरमध्ये मात्र गाळ छान बसतो

प्रश्न (ईटीपी_रत्नागिरी): मासळी प्रक्रिया कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आहे. रोज 100 घनमीटर पाणी, एरेशन टाकी (हवा देऊन जिवाणू वाढवायची) 150 घनमीटर, तिच्यात डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) 3 ते 3.5 मिग्रॅ प्रतिलिटर. मासेमारीबंदी 31 जुलैला संपून माल सुरू झाल्यापासून दुपारी क्लॅरिफायरवर (गाळ तळाशी बसवून पाणी वेगळं करणारी टाकी) तपकिरी ढेकळं येतात, बुडबुड्यांसकट. एमएलएसएस (एरेशन टाकीतल्या गाळाचं प्रमाण) 3800 मिग्रॅ प्रतिलिटर, लिटरच्या सिलिंडरमध्ये 30 मिनिटांत बसलेला गाळ 310 मिली, टाकीचा पीएच 6.5. रिटर्न (क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ एरेशनमध्ये परत) येणाऱ्या पाण्याच्या 40 टक्के. बंदीपासून गाळ काढलेला नाही. पॉलिमर (गाळ एकत्र बांधणारं रसायन) टाकू की ब्लीचिंग?

गाळमापक: दोन्ही नको. 310 × 1000 ÷ 3800, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) 82. तंतुमय जिवाणूंनी गाळ फुगला असता तर हा आकडा 150 च्या वर असता. ब्लीचिंगने उलट चांगले जिवाणू मरतील.

तोच सिलिंडर 30 मिनिटांनी ओतून टाकू नका, दोन तास ठेवा. बसलेला गाळ एकदम उचलला आणि ढवळल्यावर बुडबुडे सोडून पुन्हा खाली गेला, तर हे डीनायट्रिफिकेशन. मासळीच्या रक्तात, म्हाकुलाच्या धुवणात नायट्रोजन भरपूर. एरेशनमध्ये त्याचं नायट्रेट होतं, क्लॅरिफायरच्या तळाशी ऑक्सिजन संपला की नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि तोच गाळ वर उचलतो. पीएच उतरण्याचं कारण एरेशनमधलं हे नायट्रेट बनणं, म्हणजे नायट्रिफिकेशन: 1 मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनला सुमारे 7.1 मिग्रॅ अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खर्ची पडते.

आजच रिटर्न 80 ते 100 टक्क्यांवर न्या. गाळ तळाशी साठू देऊ नका. गाळ काढायलाही लागा. टाकीत 150 × 3.8 = 570 किलो गाळ आहे. गाळाचं वय (तो सरासरी किती दिवस टाकीत राहतो) 15 दिवस धरलं तर रोज 38 किलो काढायचा. रिटर्न गाळ 8 ग्रॅम प्रतिलिटर असेल तर साधारण पावणेपाच घनमीटर. पहिल्या दिवशीच एवढा नको, दीड-दोन घनमीटरपासून वाढवत न्या.

लॅब_चिपळूण: एक दुरुस्ती. गाळाचं वय 15 वर आणून नायट्रिफिकेशन थांबणार नाही, कोकणातल्या उबदार पाण्यात ते 5 दिवसांच्या वयालाही चालू राहतं. अमोनियासाठी ते थांबायलाही नकोच. खरा उपाय म्हणजे एरेशनआधी हवेविना नुसती ढवळणारी टाकी, तिच्यात कच्चं पाणी, रिटर्न गाळ आणि एरेशन टाकीतलं नायट्रेटवालं पाणी. वायू तिथेच सुटतो, निम्मी अल्कलिनिटीही परत मिळते. त्याऐवजी ब्लोअर आलटून-पालटून बंद ठेवायचा तर टाकीत मिक्सर हवाच, नाहीतर गाळ डिफ्युझरवर (तळाशी हवा सोडणाऱ्या जाळ्यांवर) बसेल.

शिवाय सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणारा ऑक्सिजन मोजणारी चाचणी) करताना क्लोराइड तपासा. बर्फाच्या, मिठाच्या पाण्याने क्लोराइड 2000 मिग्रॅ प्रतिलिटरच्या वर गेलं की ते दाबायला टाकलेलं मर्क्युरिक सल्फेट पुरत नाही आणि सीओडी फुगून दिसतो. नमुना विरळ करून घ्या.

ईटीपी_रत्नागिरी: सिलिंडर ठेवला. 70 मिनिटांनी अख्खा गाळ उचलला, ढवळल्यावर खाली बसला. दुसरा रिटर्न पंप चालू केलाय, नायट्रेटचा नमुना उद्या देतो.