मदत हवी आहे: नोकरी सोडून पूर्णवेळ व्याख्यानं आणि कार्यशाळा घ्याव्यात का?

पाऊलवाट:

नमस्कार. येत्या सहा महिन्यांत एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो नुसत्या हौसेपोटी घ्यायचा नाही, म्हणून हा धागा. या कामात मुरलेल्यांनी हातचं न राखता लिहावं.

विषय असा: हिशोबाचं शिक्षण नसलेल्या व्यवस्थापकांना ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक वाचायला शिकवणं. सहा तासांचा मजकूर तयार आहे, १४० स्लाइड. सध्याच्या कंपनीत अंतर्गत सत्रं होतात, अभिप्रायाच्या फॉर्मवर ५ पैकी सरासरी ४.७ मिळतात. शिल्लक १४ महिन्यांच्या घरखर्चाइतकी.

प्रश्न:
१. हे काम आपल्याला जमेल की नाही, हे नोकरी न सोडता कसं तपासायचं?
२. वक्ता व्हावं की कार्यशाळा घ्याव्यात? की दोन्ही?
३. वर्षात पैसे मिळणारे किती दिवस धरावेत?
४. बोलायला उभं राहिलं की पहिली काही मिनिटं हात थरथरतात. हे नापास होण्याचं लक्षण समजायचं का?

खडूफळा:

आधी स्लाइडचा हिशोब करू. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं. जेवणाची सुट्टी ४५ मिनिटांची आणि मधल्या दोन १५-१५ मिनिटांच्या धरल्या तर उरतात २८५. १४० स्लाइडना भागलं की एकीला जेमतेम दोन मिनिटं. मग समोरची माणसं ताळेबंद स्वतः हातात घेऊन वाचणार कधी? तुमच्याकडे आहे ते सहा तासांचं व्याख्यान, कार्यशाळा नव्हे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची मेखही इथेच आहे.

बाहेरून एकच वाटणारे हे तीन वेगळे व्यवसाय आहेत. निमंत्रित वक्ता ४५ ते ६० मिनिटं बोलतो, एकच मुद्दा ठसवतो आणि निघतो. त्याला बोलावतात ते बहुतेक वेळा त्याच्या नावामुळे किंवा कामामुळे. कंपन्यांसाठी कार्यशाळा घेणाऱ्याला पैसे देणारा एक आणि समोर बसणारे दुसरेच असतात, आणि बसणाऱ्यांतले बरेच जण साहेबांनी पाठवलं म्हणून आलेले असतात. तिसरा प्रकार स्वतः शुल्क लावून सेमिनार भरवण्याचा. त्यात सभागृह, जाहिरात, नोंदणी, तोटा सगळं तुमच्या डोक्यावर. बोलणं हा त्या कामाचा लहान भाग.

तुमचा विषय दुसऱ्या प्रकारात चपखल बसतो. ताळेबंद वाचणं हाताखालून गेल्याशिवाय येत नाही, ऐकून तर नाहीच. व्याख्यानं घ्या, पण ती कार्यशाळेची कामं मिळवण्यापुरती.

आता एक वाक्य पूर्ण करा: 'या दिवसानंतर माणूस अमुक करू शकेल.' 'आर्थिक जाण वाढेल' हे उत्तर धरायचं नाही, कारण ते तपासता येत नाही. 'अनोळखी कंपनीचा ताळेबंद दिला तर २० मिनिटांत चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागून गुणोत्तर काढेल, आणि नफा दिसत असूनही बँकेत पैसे का नाहीत याचं एक कारण पत्रकांतून बोट ठेवून दाखवेल', हे चालतं. ज्या स्लाइडचा या वाक्याशी संबंध नाही ती काढा. चाळीसच्या आसपास उरतील, आणि तेवढ्या पुष्कळ झाल्या.

मोकळ्या झालेल्या वेळात सराव भरा. एका सरावाला ३ मिनिटं सूचना, १२ मिनिटं काम, १० मिनिटं चर्चा असे २५ धरा आणि दिवसाला पाच-सहाच ठेवा. सूचना तोंडी देऊन पुढे गेलात की दोन मिनिटांत निम्मे गट शेजाऱ्याला 'नक्की करायचं काय' विचारतात आणि सराव दुप्पट लांबतो. म्हणून काम संपेपर्यंत सूचना पडद्यावरून हटवायची नाही. सर्वांत हातघाईचा सराव जेवणानंतर लगेच ठेवा. त्या वेळी नुसतं बोललेलं कोणाच्याच डोक्यात शिरत नाही.

४.७ वर फार विसंबू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल, परिणाम. 'सत्र कसं वाटलं?' हा प्रश्न पहिल्याच पायरीवर थांबतो, आणि उत्तर देणारे तुमचेच सहकारी. सुरुवातीला १० मिनिटांची चाचणी द्या, शेवटी तशीच चाचणी दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांवर घ्या. सहा आठवड्यांनी एकच प्रश्न पाठवा: 'यातलं काय वापरलंत?' दहातल्या तिघा-चौघांनीही ठोस उत्तर दिलं, तर नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्याहून मोलाचं काही नाही.

तिसरी_घंटा:

चौथ्या प्रश्नापुरतं लिहिते. हात थरथरणं हे कसलंच लक्षण नाही. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की हात कापतात, तोंड कोरडं पडतं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. बहुतेकांचं ते काही मिनिटांत ओसरतं. तेवढ्या वेळाची सोय करायची: हातात सुटा कागद धरू नका (थरथर कागदात दुप्पट दिसते), जाड पुठ्ठ्याची कार्डं घ्या. पहिली ९० सेकंदं अगदी पाठ, शब्दन् शब्द. त्यानंतर लगेच श्रोत्यांना काहीतरी करायला द्या, म्हणजे नजरा तुमच्यावरून कागदावर जातात.

बाकीचं भाषण मात्र पाठ करू नका. पाठांतराच्या साखळीत एक कडी निसटली की पुढचं सगळं निसटतं, आणि मग शांतता अंगावर येते. मुद्दे आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वाक्यं तेवढी पक्की ठेवा.

आणखी एक. उभं राहण्याआधी स्वतःला 'शांत हो' म्हणत बसू नका. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचे प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत 'मी उत्साहात आहे' असं स्वतःला सांगणाऱ्यांची भाषणं, शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधडत्या छातीला उत्साहाकडे वळवणं सोपं, शांत करणं अवघड.

'शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली' हे कोणी शिकवलं तर सोडून द्या. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून उचललेला आहे, आणि ते प्रयोग फक्त भावना आणि आवडनिवड कशी कळते याबद्दलचे होते. ताळेबंद समजावणाऱ्याचे शब्दच महत्त्वाचे.

तंदुरुस्तीचा प्रश्न मात्र खरा विचारात घ्या. दिवसाला पाच तास आवाज लावायचा, तेही लागोपाठ दोन-तीन दिवस, हे प्रत्येकाच्या घशाला झेपत नाही. वीस माणसं असली तरी माइक घ्या. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओढणी किंवा टाय घासणार नाही असा. कर्ण्यांच्या पुढे उभे राहिलात की माइक शिट्टी मारणार, तेव्हा कर्णे तुमच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. घसा बसला तर कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. हळू पण खऱ्या आवाजात बोला. सारखं खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या.

सरावासाठी टोस्टमास्टर्सचा क्लब पाहा. १९२४ पासून चालू असलेली संस्था आहे, ५ ते ७ मिनिटांची भाषणं, घड्याळ लावून, आणि लगेच मूल्यमापन. बोलण्याची भीड त्याने मोडते. दिवसभराची कार्यशाळा कशी पेलायची ते तिथे कळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

मोजपट्टी:

तिसऱ्या प्रश्नाकडे लोक डोळेझाक करतात आणि तिथेच फसतात.

आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षात २६०. सुट्ट्या, आजारपण वगळून २३० धरा. पैसे मिळणाऱ्या प्रत्येक दिवसामागे एक दिवस त्या गिऱ्हाइकापुरते बदल आणि प्रवास यांत जातो, आणि किमान एक दिवस फोन, प्रस्ताव, बिलं, वसुलीत. म्हणजे कामाचे जास्तीत जास्त ७५ दिवस. त्यातही कंपन्यांची वर्षअखेर आणि सुट्ट्यांचे हंगाम कोरडे जातात. मी ४० धरा म्हणेन, पहिल्या वर्षी २०.

घरखर्च, कर, विमा, व्यवसायाचा खर्च यांची वर्षाची बेरीज करा आणि ४० ने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचं एका दिवसाचं किमान मानधन. 'बाकीचे किती घेतात' हा प्रश्न त्यानंतरचा. बाजार तेवढं देत नसेल तर हा पूर्णवेळ व्यवसाय होत नाही, जोडधंदा होतो. ते कागदावर कळलेलं बरं.

स्वतःच्या सेमिनारचं सूत्र वेगळं: ठरलेला खर्च भागिले (शुल्क वजा माणशी खर्च). सभागृह आणि जाहिरात मिळून १०० एकक, शुल्क ८, माणशी खर्च ३, तर २० जण भरल्यावर तुम्ही शून्यावर येता, नफा एकविसाव्यापासून. आणि नोंदणी मोफत ठेवलीत तर निम्मेही येणार नाहीत असं धरूनच खुर्च्या मांडा.

१४ महिन्यांची शिल्लक दिसते तेवढी नाही. कंपनीशी पहिलं बोलणं आणि खात्यात पैसे जमा होणं यात सहा महिने सहज जातात. म्हणून निम्मी रक्कम तारीख पक्की करताना घ्या, आणि किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत, हे लेखी ठेवा. तोंडी ठरलेली तारीख ही तारीख नव्हे.

पाऊलवाट:

तिघांचेही मनापासून आभार. स्लाइडचा हिशोब वाचून आज १४० वरून ६२ वर आलो आहे. दोन शंका. तपासण्यासाठी बाहेर मोफत सत्रं घ्यावीत का? आणि 'आता नोकरी सोडायला हरकत नाही' असं कोणत्या आकड्यावर म्हणायचं?

मोजपट्टी:

मोफत नको. फुकट मिळालेल्या सत्राला संस्था वेळ देत नाही, माणसं ऐनवेळी काढून घेते, आणि पुढच्या वेळी 'मागच्यासारखंच करा' म्हणते. शिवाय तुम्हाला तपासायचंय ते हेच, की कोणी पैसे मोजतं का.

खडूफळा:

इथे माझं मत वेगळं आहे. पहिली तीन सत्रं मजकूर तपासण्यासाठी असतात, बाजार तपासण्यासाठी नव्हेत. कच्च्या मजकुराचे पूर्ण पैसे घेणं मला पटत नाही. ९० मिनिटांचं एकच सत्र, १२ ते २० अनोळखी माणसं, तीन वेगवेगळ्या संस्था. बिल मात्र पूर्ण रकमेचं बनवा आणि त्यावर सवलत दाखवून शून्य करा, म्हणजे किंमत काय ती कळते. बदल्यात लेखी मागा: चाचण्यांचे निकाल वापरायची परवानगी, आणि आवडलं तर दोन जणांशी ओळख. चौथ्यापासून शुल्क.

मोजपट्टी:

तीनची मर्यादा खरंच पाळणार असाल तर मान्य. बिलाची युक्ती चांगली आहे.

सोडण्याचा आकडा: अनोळखी संस्थांकडून, पूर्ण मानधनावर, निम्मी रक्कम आगाऊ आलेले सहा दिवस. आणि त्या सहांतला किमान एक जुन्या गिऱ्हाइकाने परत बोलावलेला. परत बोलावणं नसेल तर बारा दिवस झाले तरी थांबा. तोवर रजा टाकून किंवा सुट्टीच्या दिवशी सत्रं घ्या. त्याआधी तुमच्या नोकरीच्या करारातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचा, आणि कंपनीत तयार केलेला मजकूर कोणाच्या मालकीचा हेही पाहा. अंतर्गत सत्रांचे खरे आकडे बाहेर वापरायचे नाहीत, हे सांगायला नकोच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सर्वांसाठी खुले असतात, त्यांतून उदाहरणं घ्या.

तिसरी_घंटा:

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तोच विषय, तेच उदाहरण, तीच 'नफा म्हणजे रोकड नव्हे' ही ओळ वर्षातून चाळीसदा तेवढ्याच ताजेपणाने सांगायची आहे. तिसऱ्या चाचणी सत्रात स्वतःकडे लक्ष ठेवा. समोरच्यांच्या चुका बघण्यात गोडी वाटत असेल, आज कोण कुठे अडकतोय याचं कुतूहल असेल, तर हे काम तुम्हाला पोसेल. स्वतःचं बोलणं ऐकण्यातच मजा येत असेल, तर ती दहाव्या सत्राला संपते.

पाऊलवाट:

समजलं. ठरवलेलं लिहितो: स्लाइड ४० वर, ९० मिनिटांची तीन सत्रं येत्या दहा आठवड्यांत, आधी आणि नंतर चाचणी, करार उद्याच वाचतो. सत्रांना लॅपटॉप माझाच नेईन. अभिप्रायाचा फॉर्म लिंकवरून दुसऱ्या दिवशी पाठवायचा विचार आहे.

खडूफळा:

दुसऱ्या दिवशी नको, दोघं-तिघंच भरतील. सत्र संपायच्या १० मिनिटं आधी कागदावर भरून घ्या, आणि तुमचा समारोप त्यानंतर करा. लॅपटॉप स्वतःचा असला तरी पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवा, कारण ऐनवेळी आयोजकांचाच संगणक वापरावा लागला आणि त्यावर तुमचा देवनागरी फॉन्ट नसला तर जोडाक्षरं तुटतात आणि तक्त्यातले आकडे रकाने सोडून पळतात. प्रोजेक्टरला लागणारा अ‍ॅडॅप्टर स्वतःचा न्या, आणि पहिला माणूस यायच्या ४५ मिनिटं आधी शेवटच्या रांगेत बसून स्लाइडवरचा सर्वांत बारीक आकडा वाचता येतो का ते पाहा. ताळेबंद अख्खा पडद्यावर टाकाल तर येणार नाही. पडद्यावर तीन ओळी, पूर्ण पत्रक हातातल्या कागदावर.