मदत हवी आहे: हायवेवरच्या अपघातांचा पॅटर्न कसा काढायचा? (अर्जंट)

कास्तकार_पोट्टा: राजेहो लवकर सांगा, ग्रामसभा हाये. आमच्या कटावर (दुभाजकात वळाले जी मोकळी जागा ठेवते तिथं) नेहमी अपघात होतात पण साहेब म्हणते ब्लॅकस्पॉटमध्ये, म्हणजे सरकारच्या धोक्याच्या जागांमध्ये, बसत नाही. पेपरातल्या बातम्या एक्सेलमध्ये भरल्या, ग्राफबी काढला, काहीच समजून नाही राहिलं. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

वर्धेकर: कोणता हायवे? कोणता कट?

कास्तकार_पोट्टा: ४४ नंबर, जुना ७. हिंगणघाट-वडनेरच्या मधात.

नकाशेवाला: क्यूजीआयएस टाक, नकाशे काढाचं सॉफ्टवेअर, फुकट हाये. हीटमॅप काढ, जिथं अपघात जास्त तिथं रंग गडद; लाल डाग दिसला की साहेब गप.

रिटायर_ओव्हरसियर: हीटमॅपचं खूळ सोडा. ब्लॅकस्पॉटचा नियम असा आहे, साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले ५ अपघात, नाहीतर ३ वर्षांत १० मृत्यू. खरचटलेलं धरत नाहीत. तुमच्या यादीत किलोमीटर दगडाचा नंबर आहे का?

कास्तकार_पोट्टा: पेपरात "गावाजवळ" एवढंच रायते ना काका.

रिटायर_ओव्हरसियर: मग ग्राफ कशाचा काढला बाबा? पोलीस आता ई-डारवर (अपघातांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नोंद करतात, त्यात जागेचं लोकेशन असतं. १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात तारीख, वेळ, जागा, कोणतं वाहन कशाला धडकलं एवढं मागा. नावं मागू नका, अर्ज तिथंच अडकतो.

अकोल्याचा_भाऊ: आमच्या अमरावती-अकोला रोडचा २०२२ मध्ये गिनीज रेकॉर्ड झाला, ७५ किमी डांबरीकरण सलग १०५ तासांत!

वर्धेकर: भाऊ, इथं काय चालू हाये अन् तू काय सांगून राहिला?

विदर्भ_वकील: हिट अँड रनमध्ये (धडक देऊन वाहन पळून गेलं तर) मृत्यूला २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून.

नकाशेवाला: ब्रेकर टाकून घ्या, झालं.

रिटायर_ओव्हरसियर: नॅशनल हायवेवर ब्रेकर?? अपघात कधी होतात ते तरी विचारा आधी.

कास्तकार_पोट्टा: जास्त करून दिवाळीनंतर, अंधार पडल्यावर. कापसाच्या ट्रॉल्या राँग साइडनं येतात, पुढचा कट लय दूर हाये म्हणून.

वर्धेकर: हे पयलेच काहून नाही सांगितलं! हाच तर पॅटर्न. पण राँग साइड म्हणजे चूक तुमच्याच गावाची, कट बंद करून टाकतील.

कास्तकार_पोट्टा: कट बंद केला तर वावरात जाचं कसं? तूच सांग.

रिटायर_ओव्हरसियर: भांडू नका. यादीत महिना, वेळ, दिशा असे तीन रकाने वाढवा आणि कागदावर कटाचं चित्र काढून प्रत्येक धडक बाणानं दाखवा. सर्व्हिस रोड मागायला तेच लागेल. ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर लावायला मात्र कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

कास्तकार_पोट्टा: बरं काका. पण अर्ज कोणाच्या नावानं टाकू, ठाण्याच्या का एसपी ऑफिसच्या?