चार नोडच्या प्रॉक्समॉक्स क्लस्टरवर फर्मवेअर आणि सॉफ्टवेअर अपडेट: क्रम व पद्धत सुचवावी

नाशिककर_सिसॲडमिन

नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्यात चार नोडचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या चार सर्व्हरचा, प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) क्लस्टर असून साठवणुकीसाठी त्याच नोडवर सेफ (Ceph, डेटाच्या प्रती अनेक नोडवर ठेवणारी प्रणाली) स्टोरेज आहे. डेटाच्या तीन प्रती ठेवतो; किमान दोन उपलब्ध असतील तरच वाचन-लेखन चालते. ईआरपी, हजेरी आणि उत्पादन नोंदींची व्हर्च्युअल मशीन त्यावर चालतात. तीन सर्व्हर एकदम घेतलेले आहेत. चौथा नंतर आला आणि त्याचा प्रोसेसर एका पिढीने नवा आहे.

सॉफ्टवेअरचे अपडेट मी एकेक नोड रिकामा करून (त्यावरची मशीन इतर नोडवर हलवून) करतो. बायोस, नेटवर्क कार्ड आणि एसएसडी यांचे फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतले सॉफ्टवेअर) मात्र खरेदीपासून जसेच्या तसे आहे. दोन्ही कामे एकाच खेपेत उरकावीत की वेगवेगळी करावीत, क्रम कोणता ठेवावा आणि हे सगळे ॲन्सिबलवर (अशी कामे आपोआप करणाऱ्या साधनावर) सोपवावे का, याबाबत मार्गदर्शन हवे आहे. वेळ फक्त रविवारी रात्रीची मिळते. साहेबांचे म्हणणे असे की चालते आहे त्याला हात लावू नये.

डेटासेंटर_दादा

आधी साहेबांसाठी उत्तर. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीने आपल्या काही सॅस जोडणीच्या एसएसडींविषयी जाहीर केले की जुन्या फर्मवेअरवर त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी बंद पडतील आणि त्यांतला डेटा परत मिळणार नाही. मार्च २०२० मध्ये आणखी काही मॉडेलसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी जातात, त्यामुळे तीन प्रती ठेवूनही उपयोग होत नाही. तुमचे तीन सर्व्हर एकदम घेतलेले आहेत, हे साहेबांना आवर्जून सांगावे. तुमच्या डिस्क कोणत्याही कंपनीच्या असोत, मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती उत्पादकाच्या सूचनांशी आजच ताडून पाहा.

याचा अर्थ निघेल ते प्रत्येक फर्मवेअर लगेच चढवावे असा नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटीवरचा उपाय म्हणून आलेल्या मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या कोडमुळे) इंटेलच्या ब्रॉडवेल आणि हॅसवेल प्रोसेसरची यंत्रे आपोआप रीबूट होऊ लागली, तेव्हा ते अपडेट थांबवा असे खुद्द इंटेललाच सांगावे लागले. डेटा किंवा सुरक्षेशी संबंधित असेल ते लवकर करावे; बाकीच्याला थोडे मुरू द्यावे.

क्वोरम_पूर्ण

क्रम माझ्या मते असा ठेवावा. आयलो किंवा आयड्रॅक यांसारख्या, सर्व्हर दुरून हाताळू देणाऱ्या व्यवस्थापन कंट्रोलरचे फर्मवेअर होस्ट बंद न करता चढते, म्हणून ते आधीच्या आठवड्यात उरकून घ्या. मग एका रविवारी बायोस, नेटवर्क कार्ड आणि डिस्क, आणि पुढच्या खेपेला सॉफ्टवेअर. दोन्ही एकाच रात्री केले आणि नोड वर आला नाही, तर दोष नव्या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) की नव्या फर्मवेअरचा, हे पहाटे तीन वाजता शोधत बसावे लागते.

नोड खाली घेण्यापूर्वी सेफवर नोआउट हे सेटिंग लावायला विसरू नका. नाहीतर दहा मिनिटांनी त्या नोडच्या डिस्क क्लस्टरबाहेर धरल्या जातात आणि उरलेल्या तीन नोडवर प्रतींची पुनर्बांधणी सुरू होते. नोड परत आला की सगळे पीजी (सेफमधले डेटाचे गट) ॲक्टिव्ह आणि क्लीन, म्हणजे सर्व प्रतींसह पूर्ववत, होईपर्यंत दुसऱ्या नोडला हात लावायचा नाही. माझ्या अनुभवात घाई होते ती नेमकी इथेच, कारण मशीन सुरू दिसते, लॉगिन होते आणि काम झाले असे वाटते.

मेमरीचा हिशेबही आधी करावा. प्रत्येक नोड पंचाहत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच एका नोडची मशीन बाकीच्या तिघांत मावतील. हिशेबात सेफला लागणारी मेमरीही धरा.

रात्रपाळी

वेगवेगळ्या खेपांच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक खेपेला चारही नोड रिकामे करायचे आणि रीबूट करायचे, म्हणजे जोखीमही दोनदा घ्यायची. पहिल्या नोडवर दोन्ही वेगवेगळे करून आठवडाभर पाहावे, आणि तो ठीक चालला तर उरलेल्या तिघांवर एकत्र करावे. वेळ कमी असलेल्यांना हे अधिक झेपते.

अपडेटनंतर दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. नवे कर्नल किंवा नवे फर्मवेअर आले की नेटवर्क इंटरफेसचे नाव बदलू शकते. तसे झाले तर ब्रिज (व्हर्च्युअल मशीनना नेटवर्कशी जोडणारा दुवा) उभा राहत नाही आणि नोड क्लस्टरला दिसत नाही. मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावरून) नाव आधीच पक्के करून ठेवा. दुसरे म्हणजे बायोस अपडेटनंतर काही सेटिंग मूळ पदावर जातात, त्यामुळे व्हर्च्युअलायझेशन आणि बूटचा क्रम तपासल्याशिवाय मशीन परत आणू नका.

तुमचा चौथा नोड नवा आहे, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनचा सीपीयू प्रकार होस्ट (म्हणजे त्या नोडचा प्रोसेसर जसाच्या तसा) ठेवला असेल, तर नव्यावरून जुन्यावर चालत्या स्थितीत स्थलांतर करताना मशीन अडकू शकते. एक्स८६-६४-व्ही२-एईएस सारखा समान प्रकार ठेवा. नव्या आवृत्तीवरून जुन्या आवृत्तीच्या नोडवर स्थलांतर होईलच याचीही खात्री नसते, म्हणून पहिल्या नोडवर आठवडाभर ईआरपी न ठेवता हजेरीसारखे बंद करता येईल असे मशीन ठेवा.

नाशिककर_सिसॲडमिन

सर्वांचे आभार. पहिला नोड वेगळा ठेवण्याची सूचना पटली. ॲन्सिबलचे काय करावे? आणि नोडची संख्या सम आहे, तर क्यूडिव्हाइस (क्लस्टरबाहेरून एक जादा मत देणारी सोय) लावल्याने फरक पडेल का?

क्वोरम_पूर्ण

ॲन्सिबल जरूर वापरा, पण सीरियल १ ठेवून. म्हणजे एका वेळी एकच नोड घेतला जातो आणि तो अपयशी ठरला की पुढचे काम थांबते. स्क्रिप्टमध्ये ‘हेल्थ ओके’ची (सेफ पूर्ण ठीक असल्याच्या संदेशाची) वाट पाहायला लावू नका, नोआउट लावलेले असताना सेफ त्याचीच सूचना दाखवत राहते आणि स्क्रिप्ट तिथेच ताटकळते. पीजींची स्थिती तपासा. बायोस मात्र पहिल्या खेपेला हाताने, कन्सोल उघडा ठेवूनच करावे.

प्रत्येक नोडचे एक मत, अशा चार मतांत क्वोरमला (क्लस्टर चालू राहण्यासाठीच्या बहुमताला) तीन लागतात. एक नोड अपडेटसाठी खाली असताना दुसरा गेला की क्वोरम तुटतो. बाहेरच्या एखाद्या लहान यंत्रावर क्यूडिव्हाइस बसवले की मते पाच होतात आणि तेवढ्यात निभावते. पण हे फक्त प्रॉक्समॉक्सच्या क्वोरमपुरते आहे. दोन नोड खाली असताना ज्या पीजींच्या दोन प्रती त्या दोघांवर होत्या, त्यांची एकच प्रत उरते आणि किमान दोनची अट असल्याने त्यांवरचे वाचन-लेखन थांबते. अशा वेळी ती अट एकवर आणण्याचा मोह आवरावा आणि खाली घेतलेला नोड आधी वर आणावा.